दुभंग मतांत की मनांत?

अमेरिका विचारांनी उभी दुभंगली आहे, हे विधान इतक्या वेळा कानांवर पडते की त्याला पुरावा मागावा असेही आता वाटेनासे झाले आहे. त्यातला एक भाग निःसंशय खरा आहे. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल यांनी अमेरिकी काँग्रेसमधल्या मतदानाच्या नोंदींवरून प्रत्येक सदस्याची डावी-उजवी जागा ठरवण्याची पद्धत तयार केली. तिच्या आधारे पाहिले, तर 1970 च्या दशकापासून मधली जागा रिकामी होत गेलेली स्पष्ट दिसते. गैरसमज होतो तो पुढच्या पायरीवर. नेते इतके दूर गेले म्हणजे त्यांना निवडून देणारी जनताही तितकीच दूर गेली असणार, असे आपण धरून चालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मॉरिस फिओरिना यांनी नेमके हेच गृहीतक नाकारले. त्यांच्या मते बहुतेक अमेरिकी माणसे गर्भपातासारख्या वादग्रस्त प्रश्नावरही मध्याच्या आसपासच आहेत. बदलले ते इतकेच, की कोणत्या मताचा माणूस कोणत्या पक्षात असणार हे आता जवळपास ठरून गेले आहे.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. 1964 चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये 73 विरुद्ध 27 मतांनी संमत झाला, तेव्हा विरोध करणाऱ्या 27 जणांत 21 डेमोक्रॅट होते आणि 33 पैकी 27 रिपब्लिकनांनी कायद्याच्या बाजूने मत दिले होते. दक्षिणेतले वर्णभेदाचे समर्थक एका पक्षात, तर उदारमतवाद्यांचा मोठा गट दुसऱ्या पक्षातही, अशी तेव्हाची सरमिसळ होती. 1950 मध्ये अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या समितीने तर दोन्ही पक्षांत पुरेसा वेगळेपणा नाही अशी तक्रार केली होती. पुढे चाळण लागली. प्यू संशोधन केंद्राने 2014 मध्ये दाखवले की मधोमध उभा असलेला रिपब्लिकन मतदार 94 टक्के डेमोक्रॅटांपेक्षा उजवीकडे आहे. 1994 मध्ये हे प्रमाण 70 टक्के होते. हा आकडा जनता टोकाला गेल्याचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो, पण तेवढ्याने ते सिद्ध होत नाही. एका पोत्यात मिसळलेले गहू आणि ज्वारी दोन पोत्यांत वेगळे केले, तर पोती निराळी दिसू लागतात. दाणे तेच असतात.

यावर राज्यशास्त्रज्ञ ॲलन अब्रामोविट्झ यांचा आक्षेप वजनदार आहे. राजकारणात रस घेणारे, मतदानाला न चुकता जाणारे, वर्गणी देणारे लोक खरोखरच एकमेकांपासून दूर गेले आहेत आणि पक्षांची दिशा तेच ठरवतात, असे ते म्हणतात. प्यूच्या त्याच पाहणीत जवळजवळ सर्वच प्रश्नांवर एकाच बाजूची मते असणाऱ्यांचे प्रमाण दोन दशकांत 10 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर गेलेले आढळले. मला हा आक्षेप मान्य आहे. फक्त त्यावरून उरलेल्या मोठ्या समुदायाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

मग राजकारणातला हा कडवटपणा कुठून आला? माझ्या मते संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा धागा इथे सापडतो. शांतो अय्यंगार, गौरव सूद आणि यफ्ताख लेल्केस यांनी 2012 मध्ये मांडले की मोजायचे ते मतांतले अंतर नव्हे, मनांतली अढी. अमेरिकेत दशकानुदशके लोकांना 0 ते 100 अंशांच्या कल्पित तापमापकावर दोन्ही पक्षांबद्दलची आपुलकी सांगायला लावतात. आपला पक्ष आणि समोरचा पक्ष यांच्याविषयीच्या भावनांत 1978 मध्ये सुमारे 27 अंशांचा फरक होता. 2020 मध्ये तो सुमारे 56 झाला. दुसऱ्या पक्षाच्या घरी मुलांची सोयरीक झाली तर वाईट वाटेल, असे 1960 मध्ये जेमतेम 5 टक्के लोक म्हणत. 2010 मध्ये जवळपास निम्मे रिपब्लिकन आणि एकतृतीयांश डेमोक्रॅट तसे म्हणाले. अर्थात, पुढे एका अभ्यासात असेही दिसले की होणारा जावई किंवा सून राजकारणावर फारसे बोलणार नाही असे सांगितले, की ही नाराजी बरीच ओसरते. म्हणजे पुष्कळांना समोरचा पक्ष नकोसा आहे त्याहून अधिक त्याची अखंड बडबड नकोशी आहे. त्यात समोरच्याचे चित्रही चुकीचे असते. डग्लस ॲलर आणि सूद यांच्या पाहणीत लोकांनी अंदाज केला की 38 टक्के रिपब्लिकन वर्षाला अडीच लाख डॉलरहून अधिक कमावतात. प्रत्यक्षात तसे सुमारे 2 टक्केच होते.

या साऱ्याचे खापर समाजमाध्यमांवर फोडणे सोपे आहे. पण बॉक्सेल, गेंट्झको आणि शपिरो या अर्थशास्त्रज्ञांना 2017 मध्ये आढळले की ध्रुवीकरण सर्वाधिक वाढले ते इंटरनेट सर्वांत कमी वापरणाऱ्या 75 वर्षांपुढच्या लोकांत. 2020 च्या निवडणुकीच्या काळात 23 हजारांहून अधिक लोकांच्या फेसबुकवरचा समविचारी मजकूर सुमारे एकतृतीयांशाने घटवून पाहिला, तरी त्यांच्या मतांत वा द्वेषात मोजण्याजोगा फरक पडला नाही. काही महिन्यांच्या प्रयोगावरून वर्षानुवर्षांच्या परिणामाचा निवाडा होत नाही, हे खरे. मात्र जर्मनी, स्वीडन आणि नॉर्वे या देशांत गेल्या चार दशकांत पक्षांमधली ही अढी उलट कमी झालेली आढळते, आणि इंटरनेट तिथेही घरोघरी आहे. तेव्हा कारणे शोधायची तर ती अमेरिकेच्या पक्षरचनेत, वंशाच्या आणि धर्माच्या रेषांवर दोन्ही पक्षांची झालेली विभागणी कशी घट्ट होत गेली यात, आधी शोधायला हवीत.