हौशी रेडिओतील पुनःप्रक्षेपक : उंची, श्रवण आणि विराम

हौशी रेडिओचालकाच्या हातातील संचाची शक्ती साधारणतः पाच वॅट असते. भारतात हौशींसाठी खुल्या असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात; म्हणून त्यांची मर्यादा शक्तीपेक्षा क्षितिजाने ठरते. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ ४.१२ ने गुणले असता या क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दीड मीटर उंचीवर धरलेल्या दोन संचांत सपाट प्रदेशातही दहा किलोमीटरांपलीकडे संभाषण होणे कठीण. परंतु भोवतालच्या सपाटीपासून ४०० मीटर उंच डोंगरावर पुनःप्रक्षेपक, म्हणजेच रिपीटर, बसविला तर तेच दोन संच त्याच्या दोन बाजूंस प्रत्येकी सुमारे ८७ किलोमीटरांवर असतानाही, निदान गणिताने, एकमेकांशी बोलू शकतात. संचाची शक्ती वाढलेली नसते. त्याला डोंगराची उंची उसनी मिळालेली असते.

हे यंत्र सामान्यतः निरोप साठवून मागाहून धाडीत नाही. ते ऐकता ऐकताच बोलते. त्यामुळे त्याला दोन वारंवारता लागतात. या पट्ट्यात त्यांतील अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते. स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान बधिर होऊ नयेत म्हणून धातूच्या पोकळ नळकांड्यांची गाळणी योजावी लागते. रिपीटर उभारण्यातील खरे कौशल्य येथेच आहे. प्रक्षेपणाची शक्ती वाढविली आणि श्रवण दुबळेच राहिले, तर दूरच्या चालकाला रिपीटर स्पष्ट ऐकू येतो, पण त्याची हाक मात्र तेथवर पोहोचत नाही. अशा रिपीटरला इंग्रजीभाषक हौशी ‘मगर’ म्हणतात : तोंड मोठे, कान नाहीत. विनोद मार्मिक खरा. संकटात सापडलेल्याला मात्र तो रुचणार नाही.

संभाषणाच्या रीतीवरही या रचनेचा परिणाम होतो. वाट एकच असल्याने एक बोलत असता दुसऱ्याला बोलता येत नाही. समोरासमोरच्या बोलण्यातील ‘हं’, ‘बरं’ या हुंकारांना येथे जागा उरत नाही. शिवाय एकाची पाळी संपताच दुसऱ्याने लगेच बोलू नये, क्षणभर थांबावे, असा संकेत आहे. तातडीचा निरोप असलेल्या तिसऱ्याला तेवढीच फट मिळते. थांबणे ठाऊक नसलेल्याला बहुतेक रिपीटर ठराविक अवधीनंतर, पुष्कळदा तीन मिनिटांनी, आपोआप तोडतात. आणि बोलत असता ऐकू येत नसल्यामुळे आपण एकटेच बोलत आहोत हे त्याला कळतही नाही.