वाचलं की पुसलं जातं

रजिस्टर म्हटलं की हजेरीचं पुस्तक डोळ्यांसमोर येतं. कितीही वेळा उघडा, वाचा, मिटा. आतली अक्षरं जागच्या जागी. संगणकाच्या हार्डवेअरमधल्या रजिस्टरचं मात्र तसं नाही. तिथे नुसत्या वाचण्यानेही काहीतरी घडू शकतं.

१९८९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचा पहिला स्पार्कस्टेशन आला. या घराण्यातल्या संगणकांसाठी एक जोडकार्ड मिळायचं. त्यावर डिस्कसाठी स्कझी आणि नेटवर्कसाठी इथरनेट शेजारी शेजारी असायचं. डिस्ककडे ५३सी९० घराण्यातली चिप बघायची, नेटवर्ककडे ‘लान्स’ नावाची. प्रोसेसरला या चिपा दिसत नाहीत, दिसतात फक्त पत्ते. कुठल्या पत्त्यावर वाचलं किंवा लिहिलं तर काय होईल, हे रजिस्टरांच्या व्याख्येत ठरतं.

डिस्कच्या चिपचं ४ क्रमांकाचं रजिस्टर घ्या. वाचलं तर चिपची सद्यस्थिती कळते. तिथेच लिहिलं तर कोणत्या उपकरणाशी बोलायचं, तो क्रमांक नोंदला जातो. म्हणजे लिहिलेलं परत वाचायला गेलात तर भलतंच हाती येणार. ५ क्रमांकाचं याहून नाजूक. चिपने प्रोसेसरला हाक का मारली, ते त्यात असतं आणि वाचताक्षणी पुसलं जातं. जाताना काम कुठल्या पायरीवर आहे हे सांगणारं ६ क्रमांकाचं रजिस्टरही पुसून जातं. म्हणून ड्रायव्हर लिहिणारे ४ आणि ६ आधी वाचून घेतात, ५ सगळ्यात शेवटी. बिघाड शोधताना ‘जरा बघू तरी’ म्हणून कुणी सगळी रजिस्टरं पडद्यावर उतरवली, तर ती हाक त्याच्याच हातून हरवते.

लान्सची रीत वेगळी, आणि मला ती जास्त पटते. तिच्या पहिल्या रजिस्टरात ० ते १५ असे सोळा बिट आहेत. पॅकेट आलं की १० क्रमांकाचा बिट १ होतो. कितीही वेळा बघा, तो हलत नाही. पुसायचा तर तिथे १ लिहायचा! हे उफराटं वाटतं, पण त्यामागे फार सुंदर विचार आहे. आपण वाचलं आणि लिहायला घेतलं, तेवढ्यात पॅकेट पाठवून झाल्याची खूण ९ क्रमांकावर उमटू शकते. आपल्याला तिची खबरही नाही, त्यामुळे तिथे आपण ० लिहिलेला असतो. ० ने काहीच पुसलं जात नाही, म्हणून ती नवी खूण शाबूत राहते.

याच सोळांत ६ क्रमांकाचा बिट मात्र साधा आहे, जे लिहाल ते राहतं. प्रोसेसरला हाक मारायची परवानगी त्यात असते. १० पुसायच्या घाईत ६ वर १ लिहायचा राहिला, की परवानगी गेली. पॅकेटं येत राहतात, लान्स जागा असेपर्यंत ती स्मृतीत नीट उतरवतही राहते, पण प्रोसेसरला कुणी सांगायला येत नाही.