चमकलं म्हणजे सापडलं?

छोट्या नळीत नदीच्या पाण्याचा थेंब टाकायचा, निळा उजेड दाखवायचा आणि नळी हिरवी चमकली की पाण्यात विष आहे असं समजायचं. ॲप्टामर सेन्सरबद्दलच्या बातम्या बहुतेक वेळा या चित्रापाशीच थांबतात. चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. पाण्यातली कीटकनाशकं, प्रतिजैविकं, शेवाळाची आणि धान्यातल्या बुरशीची विषं हे सगळे फार बारीक रेणू. ते जागच्या जागी ओळखणारं तंत्र मोलाचं आहे, म्हणून ते काय करू शकतं आणि काय नाही हे नीट कळायला हवं.

पहिला गैरसमज शब्दातूनच येतो. डीएनए म्हटलं की जनुक, जनुक म्हटलं की जनुकीय फेरफार, आणि मग ‘हे पाण्यात टाकायचं?’ अशी धास्ती. ॲप्टामर हा डीएनए किंवा आरएनएचा एकपदरी तुकडा, बहुधा 20 ते 80 न्यूक्लिओटाइडांचा. डीएनएचा असेल तर तो यंत्रात रसायनांपासून कडी कडी जोडून बनवतात. त्यात जिवंत काही नसतं आणि कुठल्या प्रथिनाची कृतीही लिहिलेली नसते. धाग्याला गाठ पडावी तसा तो स्वतःभोवती वळतो, त्या वळणांत एक खोबण तयार होते आणि तिच्यात ठरावीक रेणू बसतो. तपासणीही नदीत होत नाही, नळीत घेतलेल्या नमुन्यावर होते.

अशी खोबण कुणी आधी आखून काढत नाही, ती निवडून काढावी लागते. कोलोरॅडो विद्यापीठात क्रेग टर्क आणि लॅरी गोल्ड यांनी, आणि बोस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी 1990 मध्ये ही निवड स्वतंत्रपणे करून दाखवली. एका नळीत कोटी गुणिले कोटी वेगवेगळे तुकडे घ्यायचे, हव्या त्या रेणूला चिकटतील तेवढे ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, उरलेल्यांच्या प्रती वाढवायच्या आणि पुन्हा तेच. आठ-दहा फेऱ्यांनंतर हाती मोजके दावेदार उरतात. एलिंग्टन आणि शोस्टाक यांनी त्यांना ‘ॲप्टामर’ हे नाव दिलं. त्यातला ‘ॲप्टस’ हा लॅटिन शब्द, अर्थ चपखल बसणारा.

रेणू जितका लहान तितका पकडायला सोपा, असं वाटणं साहजिक आहे. खरं तर उलट आहे. प्रथिनाला धरायला शेकडो जागा असतात, कीटकनाशकाच्या रेणूला चार-दोन. शिवाय निवडीसाठी तो बारीक मण्यावर चिकटवला, तर त्यातली एखादी जागा झाकली जाते. त्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी रेणू मोकळा ठेवून डीएनएचे तुकडेच मण्यांवर अडकवतात. रेणू आल्यावर जो तुकडा सुटून बाहेर पडेल, तो निवडायचा.

हे जमलं की काय साधतं, ते 1994 मधल्या एका आरएनए ॲप्टामरने दाखवलं. तो थिओफिलिन या दम्याच्या औषधासाठी निवडला होता. थिओफिलिन आणि आपल्या चहा-कॉफीतलं कॅफीन यांत फरक फक्त एका मिथाइल गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा. हा ॲप्टामर थिओफिलिनला कॅफीनपेक्षा सुमारे 10,000 पट घट्ट धरतो.

त्यावरून ॲप्टामर कधीच चुकत नाहीत असा निष्कर्ष मात्र काढू नये. पेशीत ऊर्जा वाहणाऱ्या एटीपी या रेणूसाठी निवडलेला प्रसिद्ध डीएनए ॲप्टामर एटीपी आणि ॲडेनोसीन यांत फारसा भेद करत नाही. कोकेनसाठी निवडलेला ॲप्टामर तर क्विनीनला कोकेनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो.

मग चमकतं कोण? ॲप्टामर स्वतः नव्हे. एका रचनेत ॲप्टामरच्या टोकाला चमकणारं रंगद्रव्य जोडतात आणि शेजारी उजेड गिळणारा दुसरा रेणू असलेली छोटी पट्टी बसवतात. दोघं जवळ असेपर्यंत अंधार. हवा तो रेणू खोबणीत शिरला की ॲप्टामरची घडी बदलते, पट्टी सुटते आणि चमक दिसते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात राझवान नुट्यू आणि यिंगफू ली यांनी 2003 मध्ये ही रचना मांडली. दुसऱ्या प्रकारात रंगद्रव्य मोकळं असताना जवळजवळ चमकतच नाही, आरएनएच्या खोबणीत अडकलं की उजळतं. सॅमी जॅफ्री यांच्या गटाने 2011 मध्ये अशा एका आरएनएला ‘स्पिनच’, म्हणजे पालक, असं नाव दिलं. पुढे ‘ब्रोकोली’ही आली.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ज्युलियस लक्स यांच्या गटाने 2020 मध्ये ‘रोझलिंड’ ही पाणीतपासणीची पद्धत जाहीर केली. तिच्यात ब्रोकोलीचं काम दिव्याचं आहे. दूषित घटक ओळखतं ते वेगळं प्रथिन. घटक आला की ते डीएनएवरची पकड सोडतं, आरएनए तयार होतो आणि चमकतो. म्हणून ‘ॲप्टामर सेन्सर’ हे शब्द वाचले, की त्यातला ॲप्टामर पहारेकरी आहे की दिवा, हे आधी पाहावं.

सर्वांत घातक गैरसमज वेगळाच आहे, आणि तो सामान्य वाचकांइतकाच संशोधकांनाही भोवला: छापून आलेला ॲप्टामर म्हणजे सिद्ध झालेला ॲप्टामर. पाण्यातल्या आर्सेनिकसाठी 2009 मध्ये ‘आर्स-3’ नावाचा डीएनए ॲप्टामर जाहीर झाला. त्यावर आधारलेल्या सेन्सरांचे दोन डझनांहून अधिक शोधनिबंध निघाले. मग 2019 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जुवेन लिऊ यांच्या गटाने साधा प्रश्न विचारला: हा तुकडा आर्सेनिकला खरंच धरतो का? त्यांनी रेणू जुळताना होणारा उष्णतेचा फरक मोजला आणि शेजारी कसलाही संबंध नसलेले डीएनएचे तुकडे ठेवून पाहिले. आर्स-3 आणि ते तुकडे यांच्या वागण्यात फरक दिसला नाही. त्यातल्या अनेक सेन्सरांत सोन्याचे सूक्ष्म कण होते आणि आर्सेनिक सोन्यालाच चिकटतं, ही शक्यता आधी कुणी तपासली नव्हती.

बांगलादेशात आर्सेनिकच्या हातपंपांना लाल आणि निर्धोक पंपांना हिरवा रंग दिला गेला. चुकीच्या सेन्सरच्या भरवशावर दिलेल्या हिरव्या रंगाचं पाणी एखादं कुटुंब वर्षानुवर्षं पीत राहील. त्यामुळे ‘संबंध नसलेला तुकडा शेजारी ठेवून पाहिला का?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या सेन्सरला विचारलाच पाहिजे.

चमक दिसली की प्रमाणही कळलं, असंही नाही. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे. एखाद्या ॲप्टामरच्या निम्म्या खोबणी भरायला एक मायक्रोमोलर कीटकनाशक लागत असेल आणि त्याचा रेणुभार 200 असेल, तर ते लिटरला 200 मायक्रोग्रॅम झालं, म्हणजे मर्यादेच्या 2,000 पट. मर्यादेजवळ पोचायचं तर नमुना आधी घट्ट करावा लागतो किंवा संकेत वाढवावा लागतो.

शिवाय नदीचं पाणी हे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी नव्हे. कुजलेल्या पाल्याची चहासारखी तपकिरी द्रव्यं स्वतःच थोडी चमकतात. तांबं चमक मारतं. क्षार बदलले की ॲप्टामरची घडी बदलते. यावर उपाय तीन नळ्यांचा. पहिलीत नमुना. दुसरीत तोच नमुना, पण खोबण मोडलेला ॲप्टामर. तिसरीत तोच नमुना आणि वर मोजून टाकलेलं तेच विष. दुसरी चमकली तर पहिलीवर विसंबायचं नाही. तिसरीत चमक वाढली नाही, तर पाण्यातलं काहीतरी संकेत दाबतंय. आणि पहिली नळी चमकली तरी नेमका आकडा मास स्पेक्ट्रोमीटरवरच ठरतो.

या तंत्राचं मोल महाराष्ट्राला फ्लोराइडच्या बाबतीत लवकर पटेल. आरएनएवर ऋण भार, फ्लोराइडवरही ऋण भार, म्हणजे दोघांचं जमणार नाही असं कुणालाही वाटेल. पण येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने 2012 मध्ये जिवाणूंमधला फ्लोराइड ओळखणारा आरएनए, म्हणजे निसर्गाने घडवलेला ॲप्टामर, शोधून काढला. त्यात मॅग्नेशियमचे तीन आयन मध्ये राहून फ्लोराइडला धरून ठेवतात. लक्स यांच्या गटाने त्यावर संच बनवून कोस्टारिकात प्रत्यक्ष जागेवर वापरून पाहिला. त्यात चमकेऐवजी पिवळा रंग येतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, दिवा लागत नाही.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळलं तरी ते जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना पाणीतपासणीच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत ते विचारा, आपल्या बोअरचं पाणी त्यांच्याकडून तपासून घ्या आणि शंका आली तर बाटलीभर पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा.