आधी यूआरएल्सची फाइल उघडा

दुसऱ्याने लिहिलेला जँगोचा प्रोजेक्ट हाती आला की मी मॉडेल्सकडे नंतर वळतो, आधी यूआरएल्स डॉट पीवाय उघडतो. ॲप्लिकेशन काय काय करतं हे तिथे एका नजरेत कळतं. आलेल्या रिक्वेस्टचा पत्ता या यादीशी वरून खाली ताडून पाहिला जातो. जो पाथ पहिल्यांदा जुळेल, त्याच्या व्ह्यूकडे काम जातं आणि खालच्या ओळी तशाच राहतात.

मध्यंतरी एका ग्रंथालयाच्या ॲप्लिकेशनमध्ये ‘बुक्स/सर्च/’ उघडलं की ४०४ येत होतं. सर्चचा व्ह्यू निर्दोष होता. यादीत मात्र ‘बुक्स/<स्लग>/’ ही ओळ वर होती आणि सर्चची तिच्या खाली. त्यामुळे ‘सर्च’ हा शब्दच पुस्तकाचा स्लग ठरला आणि त्या नावाचं पुस्तक डेटाबेसमध्ये सापडेना. दोन ओळींची अदलाबदल केली, काम झालं. स्लगच्या जागी ‘इंट’ असता, तर तिथे फक्त आकडेच जुळले असते आणि हा घोळ झालाच नसता. फ्लास्कवरून जँगोकडे आलेले लोक इथे हमखास अडकतात, कारण फ्लास्कच्या आतलं वेर्कझॉइग क्रम न पाहता ठरावीक शब्दांच्या पाथला बदलत्या पाथच्या आधी मान देतं.

काम वाढलं की यादी फुगते. मग पुस्तकं, सभासद, देवघेव अशी कामानुसार वेगळी ॲप्स करावीत, प्रत्येकाला स्वतःची यूआरएल्सची फाइल द्यावी आणि मुख्य फाइलीत ‘इन्क्लूड’च्या चार ओळी ठेवाव्यात. फ्लास्कमध्ये हेच काम ब्लूप्रिंट करतं. शिवाय ॲपची फाइल रूट्सना आणि रूट्सची फाइल ॲपला इम्पोर्ट करते, तो तिढाही सुटतो. ‘युटिल्स’ नावाच्या फाइलीत सगळं कोंबण्याची सवय मात्र मला अजिबात पटत नाही. सहा महिन्यांनी तिथे काय आहे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्रत्येक पाथला नाव द्यावं आणि टेम्प्लेटमध्ये पत्ता हाताने न लिहिता त्या नावानेच मागवावा. मग उद्या ‘मेंबर्स’चं ‘रीडर्स’ करायचं ठरलं, तरी एकच ओळ बदलते. पण तो जुना पत्ता कुणी तरी बुकमार्क केलेला असतो, कुणी सूचनाफलकावर छापून लावलेला असतो. त्यांच्यासाठी जुन्या पाथवर कायमचा रीडायरेक्ट, म्हणजे ३०१, ठेवावाच. जँगो २००५ साली जगापुढे आलं ते कॅन्ससमधल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागातून. बातमीचा दुवा वर्षांनंतरही उघडायला हवा, ही गरज वर्तमानपत्राइतकी कुणाला असणार?