तेलाच्या डागाचा तपास

जुनी मोटार विकत घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा पहिल्याच महिन्यात फरशीवरचा तो काळसर, तेलकट डाग येतो. आणि त्याचा अर्थ लावताना मालक जी घाई करतो व पुष्कळदा कारागीरही जिला साथ देतो, तिच्यापायी धडधाकट सील बदलली जातात, गिअरबॉक्स विनाकारण उतरविला जातो, मजुरीची मोठी रक्कम मोजली जाते आणि पंधरवड्याच्या आत तोच डाग त्याच जागी पुन्हा हजर होतो. तेलगळतीच्या प्रकरणात दुरुस्ती हा त्या मानाने सोपा भाग आहे. खरे कष्टाचे, आणि माझ्या मते खऱ्या कौशल्याचे, काम उगम शोधण्याचे आहे. आणि त्याला हत्यारांपेक्षा सबुरीची गरज अधिक असते.

विवेचनाला एक निश्चित गाडी समोर असावी म्हणून कार्ब्युरेटरची मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत या गाडीची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली व जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे लहानसे इंजिन साध्या गॅरेजमध्येही उघडता येते. पोटात तेल सुमारे तीन लिटर, म्हणजे थोड्या गळतीनेही पातळी लवकर उतरावी इतके बेताचे. सबब डिपस्टिक दर आठवड्यास पाहण्याची वहिवाट या गाडीच्या मालकाने पाडून घ्यावी.

प्रथम गळते ते इंजिन ऑइलच आहे काय, याची खातरजमा करावी. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला की सकाळी रंग, वास व जागा या तिन्ही गोष्टी कळतात. गिअर ऑइल दाट असते व त्याला गंधकाचा उग्र दर्प येतो. कूलंट हिरवट किंवा तांबूस असून बोटाला पाण्यासारखे लागते. ब्रेक ऑइल पातळ असते व ते रंगावर सांडले तर रंग सोलून काढते. तपकिरी ते काळे, जळकट वासाचे आणि बोटांमध्ये बुळबुळीत लागणारे तेवढे इंजिनाचे.

त्यानंतर ध्यानात ठेवायचा नियम असा की, तेल जेथे दिसते तेथे ते बहुधा निघालेले नसते. कौलारू घरात फुटके कौल एकीकडे असते आणि पाणी वाशावरून ओघळत दुसऱ्याच खोलीत ठिबकते, तशीच इंजिनावरच्या तेलाची गती असते. उभ्या गाडीत ते खाली उतरते आणि धावत्या गाडीत समोरून येणारा वारा ते मागे ढकलतो, त्यामुळे वरच्या बाजूचा एक बारीकसा पाझर खालचा सगळा भाग माखून टाकतो व इंजिनाच्या तळाचा निर्दोष चेंबर गुन्हेगार ठरतो. म्हणून नजर ठिपक्यापासून वर न्यावी, आणि ओल्या भागाची सर्वांत उंच व सर्वांत पुढची कड कोठे आहे ते पाहावे.

परंतु वर्षानुवर्षांची धूळ व तेल यांचा थर साचलेल्या इंजिनावर ही कड दिसणेच अशक्य असते, आणि म्हणून धुतल्याशिवाय तपास नाही, हे मी आग्रहाने सांगेन. इंजिन पूर्ण थंड असावे. डिस्ट्रिब्युटर, कॉइल व अल्टरनेटर प्लास्टिकने नीट बांधावेत. डीग्रीझर ब्रशाने चोळून लावावा व कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढावा. पेट्रोल या कामी कदापि वापरू नये, त्यात जिवाला धोका आहे. इंजिन वाळले की संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी थोडी चालवून आणावी आणि दिवा घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. एवढ्यानेही न सापडणाऱ्या पाझरासाठी तेलात मिसळण्याचा चकाकणारा रंग मिळतो, जो अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळा उजळतो. (गाडी विकत घेतानाच इंजिन नुकतेच धुतलेले व लखलखीत आढळले, तर मात्र दूरवर चालवून आणल्यावाचून सौदा करू नये.)

वरून पाहू लागले की पहिला मान टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा. उष्णतेने रबर कडक होते, त्याची लवचिकता जाते आणि कडेने तेल झिरपते; अशा वेळी बोल्ट आणखी आवळण्याचा मोह होतो, पण त्याने पॅकिंग चिरडते व कव्हरही वाकू शकते. पॅकिंगऐवजी सिलिकॉनचा जाड थर थापणे तर त्याहून वाईट, कारण आत पिळून निघालेले त्याचे तुकडे सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात. ऑइल स्विच व फिल्टर यांची गळती दाबाखालची असल्याने इंजिन चालू असतानाच वाढते. फिल्टर बदलताना जुन्याची रबरी कडी बैठकीला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा चढविला गेला, तर तेल धारेने जाते. उलट चेंबरचे पॅकिंग किंवा ड्रेन बोल्टचा वायसर दोषी असेल, तर गाडी रात्रभर उभी असतानाही ठिबक चालूच राहते.

या गाडीत सर्वाधिक अन्याय होतो तो फ्लायव्हीलकडच्या क्रँक सीलवर. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली तेल दिसले की तेच सील गेल्याचा निकाल दिला जातो. पण त्याच बाजूला, हेडच्या टोकाशी, डिस्ट्रिब्युटरची केस बसविलेली असते, आणि तिच्या पॅकिंगमधून किंवा रबरी रिंगमधून पाझरलेले तेल नेमके याच सांध्यावर उतरते. वरची दुरुस्ती काही मिनिटांची, खालची गिअरबॉक्स उतरविण्याची. तेव्हा आधी वर बोट फिरवून पाहावे.

आणखी एक कारण बाहेरून दिसतच नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, किंवा ब्रीदरची नळी काजळीने तुंबली, की आतला वायू कोंडतो आणि तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर रेटतो. नवे सील टाकले तरी महिन्या-दोन महिन्यांत दुसरीकडे ओल फुटते. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण सैल करावे. धुराचे लोट जोराने उसळत असतील तर प्रथम ब्रीदर व त्याची नळी साफ करावी, त्यानंतरही जोर कायम राहिला तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, आणि तोवर सील बदलण्याची तजवीज तहकूब ठेवावी.

ही सगळी शहानिशा होऊनही क्रँक सीलच दोषी ठरले, तर गिअरबॉक्स उतरलेलाच आहे म्हणून त्याच वेळी क्लच प्लेट व गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील पाहून घ्यावे, कारण वस्तूंची किंमत थोडी व मजुरीच अधिक असते. पुलीकडची सील टायमिंग बेल्ट बदलताना टाकावीत. तेलाने भिजलेला बेल्ट पुन्हा बसवू नये. आणि कव्हरच्या कडेला नुसती ओल असेल, थेंब पडत नसेल व सायलेन्सरच्या गरम नळीवर तेल पोचत नसेल, तर ती गळती पुढच्या सर्व्हिसपर्यंत खुशाल राहू द्यावी, मात्र डिपस्टिक पाहत राहावे.