पैजनिधीचे व्यवस्थापन आणि पणाच्या रकमेची निश्चिती : एक संभाव्यताशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
द्यूताचे आकर्षण आणि त्यातून ओढवणारा विनाश यांची नोंद आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून आढळते. महाभारतात युधिष्ठिराने संपत्ती, राज्य, बंधू, स्वतः आणि अखेरीस द्रौपदी पणाला लावली. गणिताच्या दृष्टीने पाहता तेथे दोन गोष्टींचा अभाव होता : खेळासाठी वेगळी काढलेली रक्कम आणि प्रत्येक डावाची मर्यादा. या दोन गोष्टी पाळल्या की पैज हे उत्पन्नाचे साधन ठरते, असा समज अनेक तरुणांमध्ये दिसतो. या समजाची गणिती तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पैजनिधीची संकल्पना :
घरखर्च, शिक्षण, कर्जाचे हप्ते आणि आजारपणाची तरतूद बाजूला ठेवल्यावर, जी रक्कम संपूर्ण गेली तरी कुटुंबाला झळ बसणार नाही, तिलाच पैजनिधी म्हणता येईल. हा निधी स्वतंत्र ठेवणे आणि संपल्यास उसनवारीने न भरणे, हे त्याचे पहिले पथ्य होय.

पणाच्या रकमेची निश्चिती :
दर डावाला उरलेल्या निधीचा ठरावीक हिस्सा लावणे ही सर्वांत सावध पद्धत मानली जाते. १०,००० रुपयांच्या निधीतून दर वेळी २ टक्के लावल्यास सलग दहा डाव हरूनही सुमारे ८,१७१ रुपये उरतात. हिस्सा २० टक्के असल्यास केवळ १,०७४ रुपये उरतात.

याउलट हरल्यावर रक्कम दुप्पट करीत जाण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी घातक आहे. युरोपीय रूलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात : १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचे. लाल रंगावर १०० रुपयांपासून दुप्पट करीत गेल्यास सलग सहा पराभवांत ६,३०० रुपये जातात. सातव्या डावाला ६,४०० रुपये हवेत, परंतु शिल्लक ३,७०० असते. अशी वेळ सरासरी सुमारे ५५ मालिकांत एकदा येते. उरलेल्या ५४ मालिकांतील प्रत्येकी १०० प्रमाणे मिळालेले ५,४०० रुपये हा तोटा भरून काढू शकत नाहीत.

केली यांचे सूत्र :
या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर बेल प्रयोगशाळेतील संशोधक जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडले. लावली तेवढीच रक्कम जिंकता येत असेल, तर जिंकण्याच्या संभाव्यतेतून हरण्याची संभाव्यता वजा करावी. उरेल तेवढा निधीचा हिस्सा पणाला लावावा. जिंकण्याची संभाव्यता ५५ टक्के असल्यास हा हिस्सा १० टक्के येतो. तो २० टक्के केल्यास दीर्घकाळात निधी वाढतच नाही आणि २५ टक्के केल्यास खेळ अनुकूल असूनही तो घटत जातो. शिवाय संभाव्यतेचा आपला अंदाज चुकू शकतो, म्हणून सूत्राच्या निम्मीच रक्कम लावणे शहाणपणाचे समजले जाते.

सूत्राचा गर्भितार्थ :
हेच सूत्र रूलेटला लावल्यास १८/३७ मधून १९/३७ वजा होतात आणि उत्तर ऋण येते. अर्थात पणाची योग्य रक्कम शून्य ठरते. येथे दर डावाला २०० रुपये लावून शंभर डाव खेळल्यास सरासरी सुमारे ५४१ रुपये, तर १,००० रुपये लावल्यास सुमारे २,७०३ रुपये जातात. रकमेच्या शिस्तीने नुकसानाचा वेग बदलतो, त्याची दिशा मात्र बदलत नाही. गोव्यातील कॅसिनो असो वा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरील टोट, आयोजकाचा वाटा आधीच वजा होत असल्याने विशेष माहितीविना खेळणाऱ्याची बाजू उणीच राहते.

निष्कर्ष :
पैजनिधी हा गुंतवणुकीचा नव्हे, तर करमणुकीच्या खर्चाचा हिशेब आहे. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यात पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीची तरतूद आहे. तथापि केवळ निषेधाने गैरसमज दूर होत नाहीत. संभाव्यतेचा पाठ शिकविताना नाणे आणि फासे यांच्या जोडीला वरील आकडेमोड विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास, 'शिस्तीने खेळले तर जिंकता येते' या विधानातील फोलपणा त्यांच्या स्वतःच्या वहीतच सिद्ध होईल.