मुलाच्या मानेवरची गाठ : घाबरू नये, पण दिवसही ढकलू नयेत



एरवी या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि तोडणीची पाळी याविषयी लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे. गटांतून फिरताना उसाबरोबर घरची दुखणीही निघतात. "साहेब, लेकराच्या मानेला गाठ आलीय, काय करावं?" असा प्रश्न येतो. आम्ही डॉक्टर नाही; पण या बाबतीत जे पक्के माहीत आहे ते आपल्या कानी घालणे आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम धीराची गोष्ट. मुलांच्या मानेवरच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. घसा, दात, कान किंवा डोक्यातले फोड यांमुळे अवधाण येते. काही गाठी क्षयाच्या असतात. त्या औषधाने बऱ्या होतात. मात्र दोन-तीन आठवड्यांत गाठ ओसरली नाही, टणक लागली, वाढत चालली, तर डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. एकच नाकपुडी सतत बंद राहणे, नाकातून वारंवार रक्त येणे, एका कानाने कमी ऐकू येणे, डोळा पुढे येणे, नव्याने तिरळेपणा येणे आणि बाहुलीत पांढरी चमक दिसणे, ही लक्षणेही अंगावर काढू नयेत.

डोके व मानेचे कॅन्सर मुलांत व तरुणांत विरळच. त्यांतले चार प्रकार सांगतो. डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा बहुधा पाच वर्षांच्या आत होतो. रोग डोळ्यातच आहे तोवर सापडला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही वाचतो. काही घरांत तो आनुवंशिक असतो, म्हणून भावंडांचेही डोळे तपासावेत. दुसरा रॅब्डोमायोसार्कोमा, त्यावर इंजेक्शनांची केमोथेरपी, जोडीला किरण किंवा शस्त्रक्रिया करतात. तिसरा नाकामागच्या घशाचा. ती जागा चाकूला अवघड, म्हणून मुख्य इलाज केमो आणि किरणांचा. चौथा थायरॉइडचा, त्यात ग्रंथी काढतात, गरजेप्रमाणे किरणोत्सारी आयोडीन देतात. तरुणांत त्याचा गुण फार चांगला येतो.

तरण्या पोरांना गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर वेगळा. वरचे रोग तंबाखूला न शिवलेल्या लेकरालाही होतात. त्यात आईबापाचा दोष नाही, कुणाची करणी नाही. उसात काणीचा चाबूक दिसला की आपण बेट उपटून जाळतो, कारण ती शेजारच्या उसाला लागते. हा रोग तसा नाही. तो एका लेकराचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करू नये.

गाठीवर डाग देऊ नये, बिब्बा लावू नये. तुकडा तपासायला काढला की रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय रोगाची जात कळत नाही आणि जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. वाढत्या मुलाला किरण दिले तर जबडा, दात, कान यांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून शक्यतो शल्यचिकित्सक, मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ आणि किरणतज्ज्ञ एकत्र बसून इलाज ठरवतात तिथेच जावे. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून हे काम करीत आहे. त्याच संस्थेच्या खारघर केंद्रात 2023 पासून प्रोटॉन किरणांची सोय झाली असून त्यात आजूबाजूच्या निरोगी भागाला कमी इजा होते. जवळ म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. सुरुवात हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून करावी.

आता मुख्य गोष्ट. एक-दोन केमो झाल्या की गाठ विरघळते, लेकरू खेळू लागते, आणि घरचे म्हणतात, "आता बरं झालं, तोडणी आटोपून जाऊ." इथेच घात होतो. दिसणारी गाठ गेली तरी रोगाच्या पेशी शिल्लक असतात, आणि पुन्हा उलटलेला रोग पहिल्यासारखा औषधाला दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे श्रीमंत देशांत कॅन्सरची 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार खाली आहे. उशीर आणि अर्धवट सोडलेला इलाज ही त्याची मोठी कारणे. पाळी चुकली तर ऊस पुढच्या पंधरवड्यात तुटेल. केमोची पाळी चुकवू नये.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. कॅन्सर रुग्णाला व सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. लहान मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड संस्था 2006 पासून विनामूल्य निवारा देते. रुग्णालयातील समाजसेवकाला विचारल्यास चिठ्ठी व पत्ता मिळतो. सर्व कागद एका फाईलीत जपावेत.

शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी होते, तेव्हा पोरांना घरी ठेवू नये. फडावर आलेल्या टोळ्यांची लेकरे मात्र गावची शाळा सोडून आलेली असतात आणि या तपासणीतून सुटतात. तेव्हा सभासदांनी ही माहिती कोपीवरही सांगावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग